पिशवीतलं चिकन पातेल्यात पडेपर्यंत

नऊ वर्षं मी कोंबड्यांना पाणी पाजलं. बेळगावच्या पश्चिमेला, जिथून पुढे चंदगड तालुक्याची हद्द लागते, त्या बाजूला आमचं चार हजार पक्ष्यांचं शेड होतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, लाईटबिल, खाली पसरायचं भाताचं तूस आणि राबणं आमचं. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन किलोवर गेला की रात्री गाडी यायची आणि लिफ्टिंग, म्हणजे पक्षी उचलून नेणं, व्हायचं. मधल्या दिवसांत सुपरवायझर यायचा, मेलेला पक्षी चिरून आतडी-काळीज बघायचा आणि वहीत औषध लिहून जायचा. ते टाकीत ढवळायचं काम माझं. पाण्याला हलका पिवळा रंग यायचा आणि कोंबड्या पाण्याच्या नळीच्या निपलला चोची मारत ते पीत राहायच्या. आजारी पाच-पन्नास असायच्या, औषध चार हजारांना जायचं.

२०२२च्या पावसाळ्यात सासूबाईंना लघवीला जळजळ आणि थंडीताप सुरू झाला. गावातल्या गोळ्यांनी उतार पडेना, म्हणून बेळगावला नेलं. तीन दिवसांनी कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला. वर जंतूचं नाव, ई. कोलाय. खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. आमच्या कागदावर आरची रांगच होती. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकपुढेही आर. धाकटी तेव्हा मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. करत होती. ती म्हणाली, "आई, टाकीत तू एन्रोफ्लॉक्सॅसिन घालायचीस ना? कोंबडीच्या अंगात गेलं की त्यातल्या काहीचं सिप्रोच होतं." मी गप्प बसले. सासूबाईंना सात दिवस शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागली आणि त्या बऱ्या झाल्या. जंतू चिकनमधून आला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. हा जंतू पाण्यातून येतो, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, कुठूनही पोटात शिरतो. पण तेव्हापासून रविवारचं चिकन घरात येतं कसं आणि चुलीवर जाईपर्यंत कुठं कुठं लागतं, ते मी शेडवालीच्या नजरेनं बघायला लागले. त्यातून जे बदललं ते खाली लिहिते.

आधी जंतूचं थोडं. कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात आणि त्यातले एखाद-दुसरे जन्मतःच औषधाला चिवट असतात. औषध पाजलं की बाकीचे मरतात आणि मोकळी झालेली सगळी जागा या चिवटांना मिळते. पक्षी विष्ठा टाकतो, शेजारचा तुसात चोच मारतो, आठवड्यात सगळ्या शेडात तेच. वर आणखी एक भानगड अशी की जंतू हा चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. डीएनएचं एक छोटं कडं एकाकडून दुसऱ्याकडे सरकवलं की झालं. कोलिस्टिन हे माणसाला अगदी शेवटी, दुसरं काही चालेना तेव्हा द्यायचं औषध. त्याला हरवणारं असं एक कडं चीनमध्ये डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचं २०१५ साली जाहीर झालं. आपल्याकडे खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला जुलै २०१९मध्ये बंदी आली. त्याआधी आमच्या शेडातही त्याच्या पुड्या यायच्या. पाकिटावर 'वाढीसाठी उत्तम' असलं काहीतरी छापलेलं असायचं आणि आम्ही ते जीवनसत्त्वाच्या पुडीसारखं फाडायचो. युरोपात नुसत्या वाढीसाठी असली औषधं द्यायला २००६पासून बंदी आहे. एन्रोफ्लॉक्सॅसिन तर अमेरिकेनं २००५मध्येच कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण त्यानं कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू माणसाच्या औषधाला जुमानेनासा झाला होता.

आता कामाची गोष्ट. औषधाला दाद न देणारा हा जंतू आगीला अगदी साध्या जंतूसारखाच मरतो. त्याचा चिवटपणा गोळीपुरता आहे. तुकड्याच्या पार आत ७४ अंश उष्णता पोचली की ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर सगळे संपले. कुकरमध्ये पूर्ण दाबाला १२०च्या आसपास जातं. म्हणजे शिजलेल्या रश्शाची भीती नको. धोका असतो तो पिशवी घरात आल्यापासून पातेलं चुलीवर चढेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात. चिकनवरचा जंतू हाताला, हातावरून विळीला, विळीवरून कच्च्या कांद्याला लागतो, आणि कांदा तर आपण कच्चाच खातो.

लोक जंतू आणि औषधाचा अंश या दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून तेही सांगते. मांसात औषध उरू नये म्हणून पक्षी उचलण्याआधी काही दिवस ते बंद ठेवायचं असतं. त्याला विथड्रॉवल म्हणतात. बाजार चढला की कधी कधी गाडी ठरल्या दिवसाआधीच दारात उभी राहायची, आणि तेव्हा वहीत शेवटचा डोस कधीचा आहे हे कुणी उलटून बघायचं नाही. पण समजा सगळे दिवस नीट पाळले आणि औषध पूर्ण उतरलं, तरी मागे उरलेला चिवट जंतू कुठं जात नाही. तेव्हा पाकिटावर 'अँटिबायोटिक अंश नाही' असं वाचून विळी तशीच ठेवू नका.

गावरान घेतलं की सुटलो, असंही नाही. एक तर गावरान म्हणून बाजारात मिळतं त्यातलं बरंच गिरिराज असतं. ती जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार केलेली, रंगीत पिसांची, दिसायला गावरानसारखी. आणि खरी परसातली कोंबडी असली तरी साल्मोनेला तिच्याही पोटात असतो. औषध कमी पाजलेलं असेल, तेवढाच फरक. चवीसाठी जरूर घ्या. आम्हीही घेतो.

दुकानात

मी चिकन सगळ्यात शेवटी घेते. खडेबाजारातली कामं, भाजी, किराणा सगळं उरकून मग चिकन सेंटर आणि तिथून थेट सीबीटी बसस्थानकावर गावची बस. पूर्वी उलटं करायचे, सकाळी गर्दी नसते म्हणून आधी चिकन आणि मग दोन तास ती काळी पिशवी हातात घेऊन हिंडणं. हे जंतू सोयीची ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे तासात आठ, चार तासांत चार हजारांवर. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा कच्चं मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये, एरवी फार तर दोन तास.

दुकानात काय बघायचं? रंग आणि वास बघून मांस नासलंय का ते कळतं, आजाराचा जंतू आहे का ते कळत नाही. साल्मोनेलाला वास नसतो. मी बघते ती पिसं काढायच्या मशीनकडे. आत काळ्या रबराची बोटं असतात, ड्रम फिरला की ती पक्ष्याला घासतात. त्या रगड्यात पोटातली घाण थोडी बाहेर येते, बोटांना लागते आणि पुढच्या दहा पक्ष्यांना पुसली जाते. म्हणून मी साल काढूनच मागते. सालीबरोबर बरीचशी घाण जाते. साल आवडणाऱ्यांनी खुशाल ठेवावी, फक्त पुढचं सगळं जास्त काळजीनं करावं.

दुसरं म्हणजे लाकडी ठोकळा आणि त्यावरचं फडकं. आमच्या नेहमीच्या दुकानातले भाई आधी हसायचे. "आक्का, ठोकळा धुतलेलाच हाय की सकाळी." मी म्हणायचे, "सकाळी धुतला, आता अकरा वाजलेत. एक तांब्या मारा, मी थांबते." आता मला बघितल्यावर ते स्वतःच तांब्या उचलतात. रविवारी साडेसात-आठला गेलात तर ठोकळा, सुरी आणि भाई तिन्ही ताजे असतात. आतडी त्याच ठोकळ्यावर काढतात की बाजूला, तेवढं जरूर बघा.

घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. काळी पिशवी हमखास गळते आणि तिच्याखालीच कोथिंबिरीची जुडी असते. डबा नसेल तर एकात एक दोन पिशव्या, आणि भाजीची पिशवी वेगळ्या हातात.

फ्रिज

कच्चं चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात, डब्यात, झाकण लावून. वरच्या कप्प्यात ठेवलं की थेंब खाली दह्यात. एक-दोन दिवसांत करून टाका. मटण तीन दिवस चालतं. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. गोठलेलं चिकन रात्री ओट्यावर काढून ठेवायची सवय सोडा. वरचा थर मध्यरात्रीच कोमट होतो आणि आत अजून दगड असतो. आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये उतरवून ठेवा, सकाळपर्यंत अर्धा किलो चिकन सुटतं. वळवाचा पाऊस झाला की आमच्याकडे लाईट जाते. दार न उघडता फ्रिज चार तास थंडी धरतो. त्याच्या पुढे गेलं तर कच्चं मांस मी टाकते. जीव हळहळतो, पण टाकते.

धुणं

यावरून आमच्या घरात खरी वादावादी झाली. धाकटी म्हणाली, चिकन धुवायचंच नाही. मी म्हटलं, बाई, तुझ्या पुस्तकातलं चिकन पाकिटातून येतं, आपलं ठोकळ्यावरून येतं. त्याला पिसं असतात, हाडाचा चुरा असतो, गोठलेलं रक्त असतं. ते न धुता खायचं? सासूबाईही माझ्या बाजूनं. त्यांच्या मते तीन पाण्यांनी धुतलं नाही तर ते चिकनच नव्हे.

मग तिनं एका रविवारी प्रयोग केला. बीट किसून त्याचा रस काढला आणि चिकनच्या तुकड्यांना चोळून ठेवला. सिंकच्या भोवती, ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागची पांढरी बाजू वर करून पसरली. मग मला म्हणाली, "धू तुझ्या पद्धतीनं." मी नेहमीसारखा नळ सोडला, एकेक तुकडा धारेखाली धरून अंगठ्यानं चोळला. पाच मिनिटांचं काम. नंतर तिनं पानं उचलून दाखवली. नळाजवळच्या पानावर ठिपकेच ठिपके, ते तर मलाही अपेक्षित होतं. पण हातभर लांब, जिथं मी काकडीची ताटली ठेवते तिथल्या पानावर मोहरीएवढे सात गुलाबी ठिपके होते. मीठदाणीच्या झाकणावर एक. माझ्या पदरावर तर मोजलेच नाहीत. सासूबाई चष्मा लावून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्सं आपण हे सगळीकडं शिंपडत होतो व्हय?"

त्यानंतर तडजोड झाली ती अशी. नळाखाली धुणं बंद. पिसं, चुरा, गुठळ्या हातानं किंवा चिमट्यानं वेचून काढायच्या. तरीही पाणी दाखवल्याशिवाय समाधान होत नसेल, तर खोल पातेलं सिंकच्या तळाशी ठेवायचं, त्यात आधी पाणी घ्यायचं, मग तुकडे अलगद सोडायचे आणि पाण्याच्या आतच हात फिरवायचा. पाणी ओतताना पातेल्याचा काठ जाळीला टेकवून हळू ओतायचं, म्हणजे उडत नाही. हल्ली मी तेही करत नाही. मोठ्या पातेल्यात हळद-मीठ घातलेलं पाणी खळखळ उकळते आणि वेचलेले तुकडे थेट त्यात सोडते. दोन मिनिटांत वर मळकट फेस येतो, तो पळीनं काढून टाकायचा. घाणही गेली, वरचे जंतूही गेले, आणि सासूबाईंना धुतल्याचं समाधान. हळद, मीठ, लिंबू नुसतं चोळून जंतू मरतात या भ्रमात मात्र राहू नका. मुरवल्यानं मांस मऊ होतं, चव लागते. जंतू मारायचं काम त्याच्यावर सोपवायचं नाही.

वजरीची गोष्ट वेगळी. ती आतड्या-पोटाचीच, म्हणजे घाणीचं माहेरघर, आणि ती धुतल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्याकडे वजरी स्वयंपाकघरात येतच नाही. मागच्या मोरीत चुना आणि कढत पाण्यानं साफ होते, तिची बादली वेगळी, सुरी वेगळी, आणि तिथून थेट कुकर. साफ करणाऱ्यानं आंघोळ करूनच आत यायचं, हा सासूबाईंचा जुना नियम. पूर्वी मला तो सोवळ्याचा प्रकार वाटायचा.

विळी, मसोतं आणि मीठदाणी

स्वयंपाकाचा क्रम बदला, निम्मं काम तिथंच होतं. कांदा, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, जे जे कच्चं खायचं ते आधी चिरून, झाकून, फ्रिजमध्ये किंवा पलीकडच्या खोलीत. वाटण आधी. भाकरीचं पीठही आधी काढून ठेवा. मग चिकनच्या डब्याचं झाकण उघडा. एकदा उघडलं की चुलीवर चढेपर्यंत दुसऱ्या कशाला हात नाही.

हे बोलायला सोपं. खरं तर हात आपोआप जातो. मी स्वतःवर एकदा लक्ष ठेवलं: चिकनचा हात मिठाच्या चमच्याला, हळदीच्या डब्याला, नळाला, पदराला आणि वाजला म्हणून फोनला. पाच ठिकाणी, दहा मिनिटांत. आता सुरुवातीलाच एका वाटीत लागेल तेवढं मीठ, हळद, चटणी काढून घेते. उरलं तर टाकते, परत डब्यात घालत नाही. नळ कोपरानं बंद करते. फोन वाजू देते. आणि हो, मसाला लावलेल्या कच्च्या चिकनचं मीठ बोटानं चाखून बघणाऱ्या बायका मी बघितल्यात, पुरुष त्याहून जास्त. मीठ बघायचंच असेल तर रस्सा उकळल्यावर बघा.

विळी किंवा पाट दोन असतील तर उत्तम. एकाला लाल दोरा बांधा, तो फक्त मांसाचा. एकच असेल तर भाजी आधी, मांस नंतर, आणि मग साबणानं घासून वर उकळतं पाणी. विळीच्या पात्याच्या बुडाशी, खिळ्याजवळ जी फट असते तिथं नखानं खरवडून बघा काय निघतं ते. जुन्या ब्रशनं ती फट घासायची. खूप चरे पडलेला लाकडी पाट मी बंबात घातला.

ओटा पुसायचं मसोतं चिकनच्या दिवशी वेगळं, आणि काम झालं की ते पाच मिनिटं उकळत्या पाण्यात. शेवटी सिंक साबणानं घासून मग साधा कपड्यांचा ब्लीच, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा, सिंकमध्ये आणि ओट्यावर फिरवून थोडा वेळ तसाच ठेवते. संडास धुवायच्या अॅसिडबरोबर ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हात साबणानं वीस सेकंद, नखं आणि अंगठ्याचं बूडसुद्धा.

शिजवणं

घरच्या रश्शाला फार शिकवायला नको, आपण शिजवतो ते भरपूरच. काळजी तीन ठिकाणी. कलेजी: वरून करपली, आत गुलाबी अशी खाऊ नका, कॅम्पिलोबॅक्टर कलेजीच्या आतही असतो. खिमा: अख्ख्या मटणाच्या तुकड्यात जंतू वरवर असतात, खिम्यात वरचं आत कालवलं जातं, म्हणून कबाब मधोमध फोडून बघा. आणि शिवारातल्या पार्ट्या. पोरं बांधावर चिकन भाजतात, अंधारात मोबाईलच्या उजेडात बघतात, वरून काळं झालं की झालं म्हणतात. मांडीच्या सांध्याजवळ ते हमखास कच्चं असतं. घरून कुकरला दोन शिट्ट्या करून न्या आणि तिथं नुसतं आगीवर धरा. धुराचा वास तोच लागतो, मी पैजेवर खायला घातलंय. जमलं तर मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. सांध्याजवळ ७४ दिसलं की बास. कच्चं चिकन ज्या ताटात नेलं त्याच ताटात भाजलेलं वाढू नका.

यात्रेचं मटण हा वेगळा विषय, पण दोन वाक्यं लिहितेच. आमच्या भागात महालक्ष्मीची यात्रा गावागावात काही वर्षांच्या अंतरानं भरते आणि त्या दिवशी घरटी शंभर-दीडशे पाहुणा जेवतो. दुपारी उतरवलेलं मोठं पातेलं झाकून रात्रीपर्यंत तसंच ठेवलं की मध्यभागी ते तासन् तास कोमट राहतं, आणि शिजूनही तग धरणारे काही जंतू तिथं परत वाढतात. काहींचं विष परत उकळूनही जात नाही. उरलेलं लगेच उथळ परातींत काढा, गार करा, फ्रिजमध्ये घाला, खाताना खळखळून उकळा. पाहुण्याला डबा द्यायचा तर रात्रीच्या बसला देऊ नका.

शाकाहारी घरांसाठीही

बॅच गेली की शेडातलं तूस आणि विष्ठा खरवडून आम्ही ट्रॉलीनं विकायचो. कोंबडी खताला मागणी कायम. कुणी रताळ्याला न्यायचा, कुणी कोबीला, कुणी कोथिंबिरीला. त्यात औषधाचा अंश असतो आणि चिवट जंतूही असतात. ट्रॉली थेट शेतात रिकामी व्हायची. कुजवून, ढिगात चांगलं तापवून वापरलं तर जंतू बरेच कमी होतात, पण तेवढा धीर कुणाला? मीही कुणाला सांगितलं नाही, पैसे मोजून घेतले. म्हणून कोथिंबीर, मुळा, कोबीची पानं सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढा, बाहेरची पानं टाका. शेतकरी वाचत असतील तर खत निदान काही महिने ढिगात कुजवा, मध्येमध्ये खालीवर करा, आणि कच्च्या खायच्या भाजीला ताजं घालूच नका.

आमचं शेड २०२०मध्ये बंद झालं. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली आणि भाव मातीमोल झाला. मार्चमध्ये गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्यानं हजारो कोंबड्या खड्ड्यात पुरल्याचं सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. आवई खोटी होती. टाकीत काय घालता, हे मात्र त्या नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही.

आणि पोट बिघडलंच तर

जुलाब लागले की औषध दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, ही आपली रीत. बहुतेक जुलाब पाणी-मीठ-साखरेवर थांबतात. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. घोट घोट घेत राहायचं. विष्ठेत रक्त, मोठा ताप, सुस्ती, लघवी कमी, किंवा रोगी लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर वाट न बघता डॉक्टर. नको तेव्हा घेतलेली अँटिबायोटिक आपल्या आतड्यात तेच करते जे मी टाकीतून चार हजार पोटांत केलं.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. २०१६पासून सरकार हे सांगतंय. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या जावेला देऊ नका, तिच्या घेऊ नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस घ्या. आणि लघवीचा किंवा जखमेचा त्रास परत परत होत असेल तर कल्चर करायचं का, असं आपणहून विचारा. विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत.

कल्चरचा रिपोर्ट टाकू नका. सासूबाईंचा आमच्याकडे जमिनीचे आरटीसी उतारे आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत आहे, झेरॉक्ससकट. गेल्या वर्षी त्यांना पुन्हा थंडी वाजून ताप आला तेव्हा डॉक्टरांनी आधी तोच कागद उलगडला, आरच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि चिठ्ठीवर लिहायला घेतलेलं पहिलं औषध खोडलं.